तारू कोणाचे, प्रवास कोणाचा?

गेल्या महिन्यात एका रविवारी सायंकाळच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीच्या तरुण संघाची सभा भरली होती. दर सभेत एकाने आपण वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलावे असा तेथे नेम आहे. त्या दिवशी परिचारिकेचे शिक्षण घेत असलेल्या एका मुलीची पाळी होती. सुझन हेवूड या इंग्रज बाईंनी आपल्या लहानपणाविषयी लिहिलेले 'वेव्हवॉकर' हे २०२३ साली निघालेले पुस्तक तिने वाचले होते. तिने सारी हकीकत सांगितली आणि शेवटी आमच्याकडे वळून विचारले, "काका, त्या बापाने पाप केलं का?"

सभेत एकदम दोन तट पडले. वडीलजनांपैकी दोघे म्हणाले, मुलांना कोठे न्यावे आणि कोठे ठेवावे हे ठरवण्याचा अधिकार देवाने आईबापांस दिला आहे. तरुण मंडळी म्हणाली, मग मुलाला काही अधिकारच नाही काय? वेळ संपत आली होती. आम्ही प्रार्थना करून सभा विसर्जित केली व उत्तर पुढे देऊ असे सांगितले. ते ऋण येथे फेडीत आहोत.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९७६ सालच्या जुलै महिन्यात गॉर्डन कुक नावाचे गृहस्थ आपली पत्नी, सात वर्षांची मुलगी सुझन व तिच्याहून लहान मुलगा जॉन यांस घेऊन इंग्लंडमधील प्लिमथ बंदरातून निघाले. कॅप्टन जेम्स कुक १७७६ साली याच बंदरातून आपल्या तिसऱ्या सफरीस निघाला होता. त्या गोष्टीस २०० वर्षे झाली म्हणून त्याच्या मार्गाने जगप्रवास करावा, असा या वडिलांचा संकल्प होता. जहाज शिडाचे, सुमारे सत्तर फूट लांबीचे होते. त्याचे नाव 'वेव्हवॉकर', म्हणजे लाटांवर चालणारे. मुलांना सांगितले होते की तीन वर्षांत आपण घरी परत येऊ.

निघून सहाच महिने झाले होते. १९७७ च्या जानेवारीत आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाकडे जात असता हिंदी महासागराच्या दक्षिण भागात एक प्रचंड लाट जहाजावर कोसळली. जहाज बुडता बुडता वाचले, पण लहानगीची कवटी फुटली व नाक मोडले. वडिलांनी मोठ्या कौशल्याने त्या अफाट समुद्रातील ॲमस्टरडॅम नावाचे ठिपक्याएवढे बेट शोधून काढले. तेथे फ्रेंच लोकांचे एक ठाणे होते व तेथे डॉक्टर होता. त्याने त्या मुलीच्या डोक्यावर भूल न देता सात वेळा शस्त्रक्रिया केली. जहाज दुरुस्त झाले आणि प्रवास पुढे चालू झाला.

तीन वर्षांची दहा झाली. खर्च भागावा म्हणून पैसे देणारे प्रवासी खलाशी जहाजावर घेतले जाऊ लागले. त्यांच्यासाठी स्वयंपाक व झाडलोट करण्याचे काम मुलीकडे आले. भाऊ वर शिडे ओढण्यास शिके आणि बहीण खाली भांडी घाशी. जहाजावर शाळा कोठली? एका बंदरी एखादी मैत्रीण मिळावी, तर आठवड्याभरात नांगर उचलला जाई. मुलगी परत जाऊ या म्हणे, शाळेत घाला म्हणे. पुढे तिने स्वतःच पत्रद्वारे शिक्षण घेण्यास सुरुवात केली. कोठल्याशा बंदरात टपाल मिळावे, हलत्या जहाजावर कोपरा शोधून धडे लिहावेत आणि पुढल्या बंदरात ते टाकावेत, असा तिचा अभ्यासक्रम होता. सोळाव्या वर्षी तिला व तिच्या भावाला न्यूझीलंडमध्ये एका घरात ठेवून आईबाप पुन्हा समुद्रावर गेले. तेथून तिने देशोदेशींच्या विद्यापीठांस अर्ज केले. ऑक्सफर्डने तिला बोलावले आणि तेथून तिचे आयुष्य तिच्या हाती आले.

हे सर्व मुलीच्या बाजूने सांगितलेले आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. परंतु आईबापांची बाजू सांगणारे जगात पुष्कळ असतात, आणि मुलाची बाजू सांगणारे क्वचितच कोणी असते.

आम्हां सुरतेच्या लोकांस तर ही गोष्ट परकी वाटू नये. ज्या वर्षी 'वेव्हवॉकर' प्लिमथहून निघाले, त्याच्या बरोबर ४०० वर्षे आधी, १५७६ साली, याच सुरतेहून एक कुटुंब शिडाच्या जहाजाने निघाले होते. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम राजघराण्यातील स्त्रियांना घेऊन मक्केच्या यात्रेस गेली. पोर्तुगीजांचा परवाना मिळेपर्यंत त्या सर्वांना येथे सुरतेत कित्येक महिने तिष्ठत राहावे लागले होते. तीन वर्षांहून अधिक काळ अरबस्तानात काढून परतताना एडनजवळ त्यांचे जहाज खडकाला लागले व तेथेही त्या बरेच महिने अडकून पडल्या. १५८२ साली त्या फत्तेपूर सिक्रीस पोहोचल्या. या यात्रेकरूंच्या यादीत गुलबदनची नात उम्म कुलसूम हिचे नाव आहे.

नाव आहे, एवढेच. आजीच्या संकल्पासाठी तापीच्या मुखातून निघालेल्या त्या नातीस समुद्र पाहून काय वाटले, ती एडनच्या किनाऱ्यावर रडली की हसली, हे बखरकारांनी लिहिले नाही. तिला कोणी विचारलेही नसावे. सुझनने स्वतः लेखणी हाती घेतली म्हणून तिचे ऐकू आले, इतकाच दोघींत फरक.

आता वडीलजनांचे म्हणणे पाहू. ते अगदीच खोटे नाही. मुलाला विचारून कोणी जन्मास घालीत नाही. विचारून त्याची भाषा, गाव, पंथ वा गरिबी ठरवीत नाही. आपल्यापैकी किती कुटुंबे खानदेशातून तापी व्हॅली रेल्वेने येथे आली! नंदुरबार, नवापूर, धुळे, जळगाव या भागांतून बापाने ट्रंक व वळकटी उचलली, आईने कडेवर एक व हाताशी एक मूल घेतले, आणि उधना स्टेशनात उतरून संसार मांडला. त्या मुलांना कोणी विचारले होते? तरी त्या आईबापांनी पाप केले असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. पोटासाठी, मुलांच्याच भल्यासाठी त्यांनी ते केले. प्रत्येक मूल प्रथम आपल्या आईबापांच्या तारवातच प्रवास करते. दुसरे तारू त्याला असतच नाही.

मग दोष जोखमीत आहे काय? मुलाला संकटात घातले हेच पाप, असे आमच्या तरुणांपैकी एकाचे म्हणणे होते. त्यास उत्तर म्हणून दुसऱ्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. डूगल रॉबर्टसन नावाचा इंग्लंडमधील एक शेतकरी पूर्वी दर्यावर्दी होता. एकदा रेडिओवर जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची बातमी ऐकून त्याच्या जुळ्या मुलांपैकी एकाने सहज म्हटले, आपले बाबाही खलाशी आहेत, मग आपण का जाऊ नये? एवढ्यावरून त्याने शेतीवाडी विकली व 'ल्युसेट' नावाचे शिडाचे जहाज घेऊन १९७१ च्या जानेवारीत बायकामुलांसह प्रस्थान केले. थोरल्या मुलीने बहामा बेटांत उतरून आपला वेगळा मार्ग धरला. तिला तसे करू दिले गेले, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. १५ जून १९७२ रोजी गालापागोस बेटांच्या पश्चिमेस किलर व्हेल माशांनी धडक देऊन जहाज फोडले व ते काही मिनिटांत बुडाले. आईबाप, तीन मुलगे व एक तरुण पाहुणा असे सहा जण हवेने फुगवलेल्या तराफ्यावर व एका छोट्या होडीत उरले. सातव्या दिवशी एक जहाज जवळून गेले, पण त्याने पाहिले नाही. पुढे तराफाही निकामी झाला. पावसाचे पाणी साठवून आणि कासवे मारून त्यांचे मांस व रक्त यांवर त्यांनी दिवस काढले. ३८ व्या दिवशी एका जपानी मच्छीमार जहाजाने त्यांना उचलून घेतले. सहाही जिवंत होते.

जोखमीने मोजायचे तर या मुलांवर सुझनपेक्षा थोडे संकट आले असे कोण म्हणेल? परंतु त्या होडीत, जेथे पाण्याचा एकेक घोट मोजून दिला जाई, तेथे आईबापांचे एकच ध्येय उरले होते, मुलांना किनाऱ्यास लावणे. बापाची जगप्रदक्षिणा ल्युसेटबरोबर बुडाली आणि मुले वर तरंगत राहिली. थोरला मुलगा डग्लस याने पुढे या प्रवासावर स्वतःचे पुस्तक लिहिले. ती नऊ फुटांची होडी आज इंग्लंडमधील फॉलमथ येथील सागरी संग्रहालयात जपून ठेवली आहे. म्हणजे संकट हे काही पापाचे माप नव्हे. तसे असते तर कोळ्याने आपल्या मुलाला होडीत घेऊच नये, आणि परिचारिकेच्या मुलीने परिचारिका होऊच नये.

मग पाप कोठे आहे? आमच्या मते ते दोन ठिकाणी शोधावे.

पहिले ठिकाण संकल्पात आहे. शास्ते यांच्या पुस्तकातील इफ्ताहाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. लढाईत जय मिळावा म्हणून नवस त्याने केला, जयही त्याला मिळाला, आणि नवस फेडला मात्र त्याच्या एकुलत्या एका मुलीने. मुलगी नाचत बागडत दारात आली तेव्हा त्याने कपडे फाडले, पण नवस मोडला नाही. आपला शब्द आपल्या लेकरापेक्षा मोठा, असे त्याला वाटले. आम्ही हा उतारा वाचतो तेव्हा दर वेळी मनात येते, त्या नवसापूर्वी त्याने घरी एक वेळ विचारले असते तर! याच्या उलट हन्नेचे उदाहरण पाहा. तिनेही नवस केला होता आणि बाळ शमुवेलाला शिलो येथे मंदिरात ठेवले होते. परंतु दरवर्षी ती एक लहानसा झगा शिवून त्याच्याकडे नेई. मूल किती वाढले, खांदा किती रुंद झाला, गेल्या वर्षीची बाही कोठवर आली, हे ज्या आईला पाहावेसे वाटते, तीच नवा झगा शिवू शकते. देणे दोघांनीही दिले, पण हन्ना दरवर्षी पुन्हा माप घेई. 'वेव्हवॉकर'वर तीन वर्षांचा संकल्प झाला तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. ती दहाची झाली, तेराची झाली, पंधराची झाली, तरी संकल्प तोच राहिला. सातव्या वर्षीचा झगाच तिच्या अंगावर ठेवला गेला.

दुसरे ठिकाण तारवाच्या स्वरूपातच आहे. घरात काही अन्याय झाला तर मूल रस्त्यावर धावते, शेजारच्या काकूंकडे जाते, शाळेत बाईंपाशी रडते, मामाला पत्र घालते. चाळीत मारलेली हाक चार दारांत ऐकू जाते. खोल समुद्रावरील जहाजात यांपैकी काहीच नाही. तेथे बाप हाच घर, शाळा व न्यायकचेरी होतो. अशा ठिकाणी चांगल्या माणसालाही आपली चूक दाखवणारे कोणी उरत नाही. हा दोष समुद्राचा नव्हे. ज्या घरात शेजाऱ्याला प्रवेश नाही आणि मुलाला 'नाही' म्हणण्याची मुभा नाही, ते घर पांडेसऱ्यात असो की लिंबायतमध्ये, तेही भर समुद्रातले जहाजच होय.

येथे तरुणांनी घाईने टाळी वाजवू नये. मूल म्हणेल ते खरे, असेही आमचे म्हणणे नाही. लॉरा डेकर या डच मुलीचे उदाहरण घ्या. तिचे आईबाप शिडाच्या जहाजाने प्रवास करीत असता १९९५ साली न्यूझीलंडमध्ये तिचा जन्म झाला व पहिली काही वर्षे ती जहाजावरच वाढली. तेराव्या वर्षी तिने एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा हट्ट धरला. वडील तयार होते. परंतु २००९ साली न्यायालयाने मध्ये पडून तिला बालसंरक्षण अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवले. ती मुलगी पळून कॅरिबियन बेटांपर्यंत गेली होती. शेवटी मोठी व अधिक भक्कम नौका, प्रथमोपचाराचे शिक्षण, झोपेचे नियोजन, शाळेच्या अभ्यासाची सोय अशी तयारी झाल्यावर २०१० च्या जुलैमध्ये न्यायालयाने तिला मोकळे केले. २१ जानेवारी २०१२ रोजी वयाच्या सोळाव्या वर्षी तिने प्रदक्षिणा पुरी केली. पुष्कळ लोक त्या न्यायालयास हसले. आम्हांस वाटते, त्या एका वर्षाच्या अडवणुकीने मुलीचे नुकसान झाले नाही. कोणीतरी तिला गांभीर्याने घेतले, प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे ऐकून आपले मत बदलले. मुलाचे ऐकणे म्हणजे मुलाची आज्ञा पाळणे नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क करारात हेच तत्त्व आहे. मुलाला आपल्यासंबंधीच्या गोष्टींत मत मांडू द्यावे, आणि वय व समज पाहून त्या मतास वजन द्यावे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. पण कायदा घराच्या उंबऱ्यापाशी थांबतो. आत काय चालते ते देव पाहतो आणि मूल पाहते.

आता आम्ही स्वतःविषयी लिहितो. लिहिणे जड जाते, पण दुसऱ्याच्या बापाला तराजूत घालून स्वतः बाजूस उभे राहणे बरे नव्हे. आम्ही नंदुरबारहून सुरतेस आलो तेव्हा आमची मुलगी आठवीत होती. दोन वर्षांसाठी जाऊ, असे आम्ही तिला सांगितले होते. त्या दोन वर्षांची आता दहा होत आली. येथे आल्यावर तिचे शिक्षणाचे माध्यम बदलले, एक वर्ष गेले. तिच्या आईस नोकरी धरावी लागली. आम्ही दिवसा कामावर व रात्री ईश्वरविद्येच्या डिप्लोमाच्या अभ्यासात, आणि रविवारी या ना त्या मंडळीत संदेश देण्यास जात असू. धाकट्या भावाचा डबा, त्याचा अभ्यास, संध्याकाळच्या भाकरी हे सर्व आपोआप त्या मुलीकडे आले. आम्ही तिला कधी सांगितलेही नाही. दहावीनंतर तिला विज्ञान शाखेकडे जायचे होते. कॉलेज लांब होते. घराजवळ वाणिज्य शाखा होती, ती तिने घेतली. ती कधी कुरकुरली नाही, आणि आम्ही मंडळीत साक्ष देताना ही प्रभूची कृपा म्हणून सांगितले.

त्या दिवशीच्या सभेत ती मागच्या बाकावर बसली होती. ती काही बोलली नाही. रात्री जेवणानंतर आम्ही तिला विचारले, "तुला तेव्हा इथं यायचं होतं का?" ती भांडी आवरीत होती. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पप्पा, तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं." त्यात राग नव्हता. तसा तो असता तर आम्हांस बरे वाटले असते.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. प्रभूची सेवा करतो म्हणून आम्ही ज्या तारवाचे सुकाणू धरले होते, त्याच्या पोटात खाली एक मूल भांडी घाशीत होते, आणि आम्ही वर उभे राहून क्षितिज पाहत होतो. सेवा खरी होती, हे आम्ही आजही म्हणू. पण तिची किंमत भरणारा हात कोणाचा होता हे आम्ही पाहिले नाही. आणखी एक गोष्ट लिहितो, ती कोणास दोष देण्यासाठी नव्हे. इतक्या वर्षांत आमच्या घरी किती बंधुभगिनी आल्या, चहा प्यायल्या, प्रार्थना करून गेल्या! चहा करून आणणाऱ्या मुलीस, बाई, तुझे कसे चालले आहे, असे त्यांपैकी कोणी विचारले नाही. आम्हीही दुसऱ्यांच्या घरी जाऊन विचारले नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळी उभी राहून त्या लेकराच्या संगोपनात वाटा उचलण्याचे वचन देते. ते वचन कोणत्या दिवशी पाळावयाचे असते?

म्हणून तरुण संघातील त्या मुलीस आमचे उत्तर असे. मुलीला जहाजावर घेणे हे पाप नव्हते. लाट आली हेही पाप नव्हते. मुलीने बंदराकडे बोट दाखवले आणि बापाने नकाशाकडे पाहिले, तेथे पापाचा आरंभ झाला. आणि आमच्यासारख्यांच्या घरी तर मुलीने बोटही दाखवले नव्हते. तिने दाखवावे असा प्रसंगच आम्ही येऊ दिला नाही. हे त्याहून हलके आहे असे आम्हांस वाटत नाही.

वडीलजनांसही एक विनंती आहे. याकोब व योहान यांनी आपला बाप जब्दी याला चाकरांबरोबर तारवात सोडले व ते निघून गेले, असे शुभवर्तमान सांगते. त्या प्रसंगाचा संदेश देताना आम्ही नेहमी मुलांच्या त्यागाविषयी बोलतो. तारवात मागे राहिलेल्या बापाविषयी कोणी बोलत नाही. त्याने त्यांना हाक मारून परत बोलावले, असे कोठे लिहिलेले नाही. जाळी त्याची, तारू त्याचे, धंदा त्याचा होता, आणि पोरे मात्र त्याची मालमत्ता नव्हती, हे त्या कोळ्यास कळले असावे.

आम्ही आपल्या घरी एक नेम केला आहे. दरवर्षी शाळा सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलांबरोबर बसावयाचे व विचारावयाचे की पुढले वर्ष कोठे जावे, काय सोडावे, काय धरावे. उत्तर आमच्या मनासारखे नसले तरी मध्येच तोडावयाचे नाही. धाकटा यंदा नववीत आहे. त्याला प्रथम विचारले तेव्हा तो बिचकला, यात काही परीक्षा आहे की काय असे त्याला वाटले. मुलीने या वर्षी बाहेरून पुढला अभ्यास करण्याचे ठरवले आहे. गेलेली वर्षे आम्ही तिला परत देऊ शकत नाही. संध्याकाळच्या भाकरी मात्र आता आम्ही करतो. त्या अजून वाकड्या होतात.